विडंबन संहितेचे, विडंबना प्रेक्षकाची

मराठी समीक्षेत ‘विडंबन’ ही संज्ञा उच्चारताच आपल्यासमोर दोन संहिता उभ्या राहतात. एक मूळ, दुसरी तिच्यावर बेतलेली. ‘झेंडूची फुले’ वाचताना रविकिरण मंडळाची आणि त्या काळातील एकूण भावकवितेची शैली वाचकाच्या कानात घुमत असली पाहिजे, अन्यथा विडंबनाचा घाट त्याच्या हाती लागत नाही, हे आपण गृहीत धरलेले आहे. लिंडा हचन यांनी 1985 मध्ये विडंबनाची जी सैद्धांतिक मांडणी केली, तिने उपहास हा विडंबनाचा अनिवार्य घटक नव्हे असे दाखवून या संज्ञेची व्याप्ती पुष्कळ वाढवली. परंतु चिकित्सक अंतर राखून केलेली पुनरावृत्ती हे जे तिचे मर्म त्यांनी सांगितले, तेही अखेर दोन कृतींमधील नात्याबद्दलचेच आहे. ज्याची नक्कल करावयाची ती ‘कृती’ नसून कृती पाहण्याची रीतच असेल तर काय, हा प्रश्न या चौकटीत नीटसा बसत नाही.

‘ॲमेझॉन विमेन ऑन द मून’ या 1987 सालच्या अमेरिकन चित्रपटाच्या निमित्ताने हा प्रश्न उपस्थित करावयाचा आहे. हा चित्रपट थोर नाही. जो दांते, कार्ल गॉटलिब, पीटर हॉर्टन, जॉन लँडिस आणि रॉबर्ट वाइस अशा पाच दिग्दर्शकांनी मिळून केलेली ही प्रहसनांची माळ आहे आणि अशा माळेत जितके मणी खोटे निघावेत तितके येथेही निघतात. तरीही विडंबनाच्या सिद्धांताला एखाद्या अभिजात कृतीपेक्षा ही ओबडधोबड कृती अधिक काही शिकवू शकते, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

तिची रचना अशी आहे. एका काल्पनिक दूरचित्रवाणी केंद्रावरून रात्री उशिरा ‘ॲमेझॉन विमेन ऑन द मून’ याच नावाचा, 1950 च्या दशकातील म्हणून दाखवलेला एक विज्ञानपट प्रक्षेपित होत आहे. अंतराळवीर चंद्रावर उतरतात आणि तेथे स्त्रियांचे राज्य आढळते. प्रक्षेपणात बिघाड होतो, फीत तुटते. हा चित्रपट पाहणारा कोणी एक प्रेक्षक, जो आपल्याला अखेरपर्यंत दिसत नाही, रिमोट दाबून दुसऱ्या वाहिन्यांवर भटकू लागतो. पडद्यावर मुंग्या येतात आणि पुढचे प्रहसन सुरू होते. जाहिरात, मुलाखत, रुग्णालयातील नाट्य, जुना कृष्णधवल भयपट. मधूनमधून तो चंद्रावर परततो, तर दर वेळी कथा बरीच पुढे सरकलेली असते. मधल्या काळात काय झाले ते त्याला कळत नाही, अर्थात आपल्यालाही नाही.

या रचनेत विडंबनाचे दोन स्तर आहेत आणि त्यांची गल्लत करता कामा नये. पहिला स्तर अंतर्गत चित्रपटाचा. ‘क्वीन ऑफ आउटर स्पेस’ (1958) आणि तत्सम चित्रपटांचे ते अनुकरण आहे. पुठ्ठ्याची याने, रंगीत तंग पोशाख, पुरुषांची निर्बुद्ध शौर्यभाषा. या स्तरावर ही कृती अगदी सामान्य आहे. मूळ चित्रपट 1987 पर्यंत स्वतःच हास्यास्पद होऊन बसले होते आणि जे आधीच कोसळले आहे त्याला धक्का देऊन पाडण्यात विडंबनकाराचा पराक्रम दिसत नाही. अत्र्यांनी ज्यांना लक्ष्य केले ते कवी त्या वेळी वाचले जात होते, मानले जात होते. विडंबनाला प्रतिस्पर्धी जिवंत लागतो.

दुसरा स्तर चित्रपटाभोवतीच्या यंत्राचा आहे. येथे प्रतिस्पर्धी केवळ जिवंत नव्हता, तर ऐन भरात होता. केबल वाहिन्या, रिमोट, घरोघरी आलेले व्हिडिओ रेकॉर्डर, भाड्याच्या कॅसेटींची दुकाने यांनी चित्रपट पाहण्याची क्रिया मुळापासून बदलून टाकली होती. चित्रपटाची चौकट दूरचित्रवाणीच्या पडद्यात बसावी म्हणून दोन्ही बाजूंनी छाटली जात होती. 1986 मध्ये टेड टर्नर यांनी एमजीएमचा जुना चित्रसंग्रह विकत घेतला आणि कृष्णधवल चित्रपटांना संगणकाने रंग चढवण्याचा वाद पेटला. जॉन ह्यूस्टन यांच्या वारसांनी ‘द ॲस्फाल्ट जंगल’ या चित्रपटाच्या रंगीत आवृत्तीविरुद्ध फ्रान्समध्ये लढा दिला आणि 1991 मध्ये तेथील सर्वोच्च न्यायपीठाने त्यांच्या बाजूने कौल दिला. हे सारे डोळ्यांपुढे घडत असताना प्रहसनकारांना अतिशयोक्तीसाठी फार लांब जावे लागले नाही.

रेमंड विल्यम्स यांच्या 1974 च्या ग्रंथाचा येथे उल्लेख करणे भाग आहे. बोटीचा लांबलचक प्रवास करून आलेले विल्यम्स मायामीत एका रात्री दूरचित्रवाणीवर चित्रपट पाहावयास बसले, आणि त्यात मिसळणाऱ्या जाहिराती व पुढील चित्रपटांच्या झलका यांमुळे कोणते दृश्य कोणत्या कथेतले हेच त्यांना उमगेना. या गोंधळातून त्यांनी ‘प्रवाहा’ची संकल्पना घडवली. दूरचित्रवाणीचे एकक सुटा कार्यक्रम हे नसून अखंड वाहणारा क्रम हे आहे, असा तिचा आशय. ‘ॲमेझॉन विमेन’ म्हणजे विल्यम्सच्या त्या रात्रीचे प्रहसन होय असे म्हणण्याचा मोह होतो. तो पुरता खरा नाही. विल्यम्सचा प्रवाह केंद्राने आखलेला आहे, आणि खुर्चीत बसलेला पाहुणा त्यात वाहून जातो. येथील प्रेक्षकाच्या हाती रिमोट आहे. प्रवाह तोच घडवतो, निदान त्याची तशी समजूत आहे. या समजुतीभोवतीच चित्रपटाचा खरा विनोद उभा आहे.

ही समजूत कशी मोडते, हे पाहण्यासाठी त्या अदृश्य प्रेक्षकाकडून प्रहसनांतील दृश्य प्रेक्षकांकडे वळावे लागते. असे प्रमुख प्रेक्षक तीन आहेत. पहिला मरे. लू जकोबी यांनी साकारलेला हा वयस्क गृहस्थ नव्या संचासमोर अंतर्वस्त्रांत बसून रिमोट चालवतो, आणि यंत्राच्या काही करामतीने संचाच्या आत ओढला जातो. त्यानंतर तो भलत्याच कार्यक्रमांत भटकताना दिसतो. पत्नी बाहेर, तो आत. दुसरा रे. हा दुकानातून एक कॅसेट आणतो. तीतील स्त्री त्याला नावाने हाक मारते, लाडीगोडी करते. मग तिचा प्रियकर पडद्यावर अवतरतो आणि कॅसेटमधले प्रकरण बाहेर बसलेल्या रेच्या अंगावर शेकते. या दोघांबाबत विनोदाची युक्ती एकच आहे, पडद्याच्या आतबाहेरची सीमा पुसण्याची, आणि ती जुनी आहे.

तिसऱ्या प्रेक्षकापाशी मात्र थांबले पाहिजे. हार्वे पिटनिक नावाचा एक मध्यमवर्गीय माणूस पत्नीसह घरी चित्रपट-परीक्षणाचा कार्यक्रम पाहत आहे. पडद्यावर दोन समीक्षक आहेत आणि त्या काळी सिस्केल व एबर्ट या जोडीने अंगठा वर किंवा खाली करून जी परीक्षणशैली लोकप्रिय केली होती तिचे हे उघड अनुकरण आहे. चित्रपटांची परीक्षणे आटोपल्यावर दोघे वळतात ते हार्वे पिटनिक याच्या आयुष्याकडे. एखाद्या नव्या चित्रपटाची चर्चा करावी तशी ते त्याची चर्चा करतात आणि दोघांनाही ते आवडलेले नाही. परीक्षण संपता संपता हार्वेही संपतो. पुढे त्याच्या अंत्यविधीत व्यावसायिक विनोदवीर येऊन मृताची थट्टा करतात. निरोपाच्या भाषणांची जागा थट्टेने घेतलेली असते.

येथे अनुकरण समीक्षकांचे आहे, पण हसू त्यांच्यावर नाही. त्यांची भाषा, त्यांचा सौजन्यपूर्ण मतभेद, निर्णय देण्यातील सफाई, सारे काही मूळ कार्यक्रमाच्या जवळ ठेवलेले आहे. बदलले आहे ते फक्त परीक्षणाचे विषयद्रव्य. त्यामुळे आजवर न विचारलेला एक प्रश्न प्रेक्षकासमोर येतो: रोज संध्याकाळी दुसऱ्यांच्या आयुष्यांना गुण देणाऱ्या माझ्यावर तीच नजर वळली तर? मराठीने ‘विडंबन’ आणि ‘विडंबना’ असे दोन शब्द वेगळे राखले आहेत, याचा येथे उपयोग होतो. एकाच धातूपासून ते आले असले तरी विडंबन कवितेचे होते आणि विडंबना माणसाची. दैवाने केलेली विडंबना आपण म्हणतो, दैवाने केलेले विडंबन म्हणत नाही. विडंबनात मूळ व नक्कल यांमध्ये अंतर असते, आणि त्या अंतरात वाचक सुरक्षितपणे उभा राहून हसतो. विडंबनेत असे उभे राहावयास जागा नसते. हार्वेच्या प्रहसनात विडंबनाची सामग्री घेऊन विडंबना सिद्ध केली आहे. हचन यांच्या ‘चिकित्सक अंतरा’चे येथे काय होते, हे तपासण्यासारखे आहे. ते अंतर नाहीसे होत नाही. ते समीक्षकांकडे जाते आणि प्रेक्षकापाशी काहीच उरत नाही.

या विचाराचे मूळ लँडिस यांच्या दहा वर्षे आधीच्या ‘द केंटकी फ्राइड मूव्ही’ (1977) या चित्रपटात सापडते. तेथे एक तरुण ‘फील-अराउंड’ नावाच्या नव्या तंत्राचा चित्रपट पाहावयास जातो. (त्या चित्रपटाचे ‘सी यू नेक्स्ट वेन्सडे’ हे नाव लँडिस पुढे आपल्या अनेक चित्रपटांत कोठे ना कोठे पेरत राहिले.) तंत्र म्हणजे काय, तर त्याच्या खुर्चीमागे उभा राहिलेला डोअरकीपर. पडद्यावर जे घडेल ते त्याने प्रेक्षकाच्या अंगावर करावयाचे. नायिकेने अत्तर लावले की हा फवारा मारतो, कोणी सिगारेट ओढली की तोंडावर धूर सोडतो, प्रेमप्रसंग आला की कुरवाळतो, सुरी निघाली की गळ्याशी सुरी धरतो. अखेरीस पुढचा खेळ एका कुप्रसिद्ध कामपटाचा असल्याचे जाहीर होते आणि तरुण जीव घेऊन पळतो.

1977 मध्ये हे प्रहसन मागच्या काळाकडे पाहत होते. 1959 मध्ये ‘द टिंगलर’साठी विल्यम कॅसल यांनी काही खुर्च्यांखाली कंप पावणारी यंत्रे बसवली होती, 1960 च्या ‘सेंट ऑफ मिस्टरी’मध्ये प्रेक्षागृहात नळ्यांतून वास सोडण्याचा प्रयोग झाला, 1974 च्या ‘अर्थक्वेक’ने खोल ध्वनीने खुर्च्या हादरवल्या. आता परिस्थिती अशी आहे की 2009 मध्ये दक्षिण कोरियात सुरू झालेल्या ‘फोरडीएक्स’ पद्धतीत खुर्ची हलते, वारा येतो, पाणी उडते, वास येतो, पाठीत ठोसा बसतो आणि यासाठी अधिक दराचे तिकीट काढून प्रेक्षक जातात. वास्तवानेच विडंबन गाठले म्हणजे विडंबन संपले, असे नेहमी म्हटले जाते. हे प्रहसन मात्र आजही हसवते. याचे कारण, विनोद त्या सोयीत कधी नव्हताच. तो डोअरकीपरमध्ये होता. निर्विकार चेहऱ्याचा, पगारी, एका अनोळखी तरुणाला कुरवाळणे हे ज्याचे काम आहे असा तो माणूस. खऱ्या यंत्रात हा माणूस खुर्चीच्या आत मोटरीच्या रूपाने लपवला जातो, म्हणून ठोसा बसूनही संकोच वाटत नाही. प्रहसनाने त्याला बाहेर काढून मागे उभे केले, आणि प्रेक्षकाच्या सुखासाठी कोणाला काय करावे लागते हे दिसू लागले. असंगत वाटते ती कल्पना नसून तिची अंमलबजावणी आहे. अतिशयोक्तीच्या आधारावर विडंबनाचे विवेचन करणाऱ्यांनी या भेदाकडे फारसे लक्ष दिलेले नाही.

याच चित्रपटाच्या शेवटच्या प्रहसनात एक जोडपे दूरचित्रवाणीसमोर प्रणयात रंगलेले असते आणि बातम्या देणारा निवेदक वाचता वाचता थांबून त्यांच्याकडे पाहू लागतो. हळूहळू केंद्रातील मंडळीही गोळा होतात. हार्वेवर रोखली गेलेली नजर ती हीच. फरक एवढाच की दहा वर्षांनी तिला मत देता येऊ लागले.

‘व्हिडिओ पायरेट्स’ हे प्रहसन या दृष्टीने किरकोळ, परंतु त्याचा संदर्भ किरकोळ नाही. शिडाच्या जहाजावरचे समुद्री चाचे दुसरे जहाज लुटतात, पेटारे फोडतात आणि आत सोन्याऐवजी एमसीए कंपनीच्या चित्रपटांच्या कॅसेटी व लेझर तबकड्या निघतात. त्यातील एक ते लावतात. अनधिकृत वापराबद्दल सरकारी इशारा पडद्यावर येताच सारे चाचे घाबरल्याचे सोंग करून खदखदतात. एमसीए ही युनिव्हर्सल स्टुडिओची मातृसंस्था आणि प्रस्तुत चित्रपटाची वितरक युनिव्हर्सलच. याच युनिव्हर्सलने 1976 मध्ये घरगुती ध्वनिचित्रमुद्रणाविरुद्ध सोनी कंपनीवर दावा लावला होता आणि जानेवारी 1984 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात पाच विरुद्ध चार मतांनी तो हरला होता. हरलेल्या पक्षाने आपल्याच गाऱ्हाण्याची थट्टा प्रसिद्ध करून तीही कॅसेटवर विकावी, यात उदारता शोधण्याचे कारण नाही. प्रेक्षकाचे यंत्रावरील स्वातंत्र्य ज्या बाजारपेठेने विकत घेतले, तीच त्या स्वातंत्र्यावरचे हास्यही विकते. चित्रपटाला याचे भान आहे किंवा काय, हे सांगता येत नाही. पेट्यांवरील कंपनीचे नाव तेवढे ठळक दिसते.

भान नसल्याच्या जागा मात्र पुष्कळ आहेत. पुरुषी मासिकातील चित्रफितीची नक्कल करणाऱ्या प्रहसनात तरुणी विवस्त्र अवस्थेत बाजारहाट करते. येथे नक्कल आणि मूळ वस्तू यांत काडीचे अंतर उरलेले नाही, आणि जे अंतर उरले आहे असे भासवले जाते ते निव्वळ पळवाट आहे. अंतर्गत चित्रपटातील चंद्रावरच्या राणीलाही हेच लागू पडते. जुन्या चित्रपटांची स्त्रीकडे पाहण्याची दृष्टी हास्यास्पद ठरवत असतानाच ती दृष्टी वापरून घेणे, हा विडंबनाचा जुना दुर्गुण आहे. अदृश्य माणसाच्या पुत्राचे प्रहसन निर्दोष व मजेदार आहे. आपण अदृश्य झालो आहोत अशा भ्रमात तो नागवा हिंडतो आणि गावकरी त्याचा मान राखण्यासाठी काही न दिसल्याचे नाटक करतात. परंतु ते जुन्या वळणाचे संहिताविडंबन आहे. 1933 चा मूळ चित्रपट ठाऊक असला की पुरते.

मराठी प्रेक्षकाच्या दृष्टीने एक अडचण नोंदवावयास हवी. मुंबई दूरदर्शन केंद्र 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झाले, आणि पुढे कित्येक वर्षे आपल्याकडे घरी चित्रपट पाहणे म्हणजे त्या एका केंद्रावर जे लागेल ते, शेजाऱ्यापाजाऱ्यांसह, पाहणे होते. व्यत्यय आपल्यालाही नवा नव्हता. पाटी लागे, संगीत वाजे, कोणी गच्चीवर जाऊन अँटेना फिरवी आणि खाली विचारी, ‘आलं का?’ मात्र बदलण्यासाठी दुसरी वाहिनी नव्हती. व्यत्ययात माणसे थांबत, चहा होई, मधल्या काळात कथेत काय झाले असेल यावर तर्क चालत. ‘ॲमेझॉन विमेन’चा अदृश्य प्रेक्षक क्षणभरही थांबत नाही, आणि त्याच्याबरोबर तर्क करावयास कोणीही नाही. त्यामुळे फीत तुटण्यावरचे हसू आपल्याला समजते, पण त्यातील एकटेपणा त्या काळच्या आपल्या अनुभवात नव्हता. तो केबलबरोबर, 1990 नंतर आला. चित्रपट एक, ग्रहण दोन.

आता तर संचाचे माहितीपत्रक वाचतानाच प्रहसनाची शंका यावी अशी स्थिती आहे. सेकंदाला चोवीस चौकटींच्या चित्रपटात नसलेल्या चौकटी स्वतः रचून घालणारी आणि सर्व चित्रपटांना स्टुडिओतील मालिकेची कळा आणणारी सोय नव्या संचांत आपोआप चालू असते, आणि ती बंद करा, अशी विनवणी करणारी चित्रफीत डिसेंबर 2018 मध्ये टॉम क्रूझ व दिग्दर्शक ख्रिस्तोफर मॅक्वारी यांना काढावी लागली. त्यानंतर 2019 मध्ये चित्रपट दिग्दर्शकाने केला तसाच दाखवण्याची एक वेगळी ‘सोय’ जाहीर झाली. चित्रपटात हस्तक्षेप न करणे ही संचाची खासियत म्हणून विकली जाते, हे वाक्य 1987 मधील एखाद्या प्रहसनकाराने लिहिले असते तर अतिरेकी म्हणून खोडले गेले असते. 2020 मध्ये नेटफ्लिक्सने मोबाइलवर दीडपट वेगाने चित्रपट पाहण्याची मुभा दिली. तुटणारी फीत ज्या प्रेक्षकाला त्याच्या इच्छेविरुद्ध कथेत पुढे नेत होती, त्याला आता कोणी ढकलावे लागत नाही.

या चित्रपटाचे शेवटचे प्रहसन कोठे ठेवले आहे, इकडे थोडे लक्ष द्यावे. श्रेयनामावली सुरू होते, प्रेक्षक उठू लागतो, आणि तेवढ्यात 1930 च्या दशकातील गुप्तरोगविषयक प्रबोधनपटांच्या थाटाचे एक कृष्णधवल प्रहसन उलगडू लागते. कॅरी फिशर यांनी त्यात भोळ्या तरुणीची भूमिका केली आहे. अनुकरण म्हणून ते सबंध चित्रपटातील सर्वांत काटेकोर आहे. प्रेक्षागृहात ते उशिरा उठणाऱ्यांना मिळाले. आजच्या पडद्यावर श्रेयनामावली दिसू लागताच चित्र आकसून कोपऱ्यात जाते, पुढील चित्रपटाचे सेकंद उलटे मोजले जाऊ लागतात, आणि कॅरी फिशर बोलत असतानाच दुसरा कोणता तरी चित्रपट सुरू होतो.